घटक ४ : बारसे, विशेषनाम आणि मालिकेतील पात्रे

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• विशेषनामाचा वाच्यार्थ आणि त्याला चिकटलेला सूचितार्थ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• पूर्ण झालेल्या कथेतून आणि चालू मालिकेतून घेतलेल्या नावांची तुलना करता येईल.
• नामकरणातून व्यक्त होणाऱ्या सामाजिक मूल्यांची चिकित्सा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मालिकेतील नायिकेचे नाव मुलीला ठेवले की घरातील वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. देवादिकांची नावे सोडून हे काय, असा त्यांचा आक्षेप असतो. परंतु राम, लक्ष्मण, जानकी हीदेखील एका कथेतील पात्रेच आहेत. नाशिककरांना हे वेगळे सांगावयास नको. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक येथे कापले, म्हणून हे 'नासिक', अशी लोकव्युत्पत्ती सर्वश्रुत आहे. म्हणजे लोकसमजुतीप्रमाणे या शहराचे नावच एका कथाप्रसंगातून आलेले आहे. तेव्हा कथेतून नाव घेणे ही नवी गोष्ट नव्हे. नवे काय आहे, ते या घटकात पाहू.

४.२ नाव आणि त्याची कथा

विशेषनाम एका व्यक्तीचा निर्देश करते, असे आपण व्याकरणात शिकतो. मात्र कथेतून आलेले नाव आपल्याबरोबर पात्राचे चरित्रही आणते. म्हणूनच 'तो कलियुगातील हरिश्चंद्र आहे' या वाक्यात विशेषनाम सामान्यनामासारखे वापरता येते. 'कैकेयी' हा शब्द उच्चारास गोड आहे. तरीही बारशाला तो सहसा ऐकू येत नाही. येथे वाच्यार्थापेक्षा सूचितार्थ प्रबळ ठरतो.

आता 'जान्हवी' हे नाव घ्या. जह्नूची कन्या, म्हणजेच गंगा, हा त्याचा वाच्यार्थ. २०१३ मध्ये झी मराठीवर 'होणार सून मी ह्या घरची' ही मालिका सुरू झाली. तिच्या नायिकेमुळे या जुन्या नावाला समंजस सुनेची नवी छटा मिळाली. मात्र त्यानंतर जन्मलेली प्रत्येक जान्हवी मालिकेमुळेच जान्हवी झाली, असा निष्कर्ष काढता येणार नाही. एखाद्या घरी ते आजीचे नाव असेल, तर दुसऱ्या घरी राशीवरून आलेल्या आद्याक्षराला ते जुळले असेल. नावावरून प्रेरणा सिद्ध होत नाही. ती त्या कुटुंबालाच विचारावी लागते.

४.३ अपुरी कथा

रामकथा पूर्ण झालेली आहे. तिच्यातील कोणते पात्र शेवटी कसे वागले, हे बाराव्या दिवशी पाळण्याभोवती जमलेल्या सर्वांना ठाऊक असते. चालू मालिकेचे तसे नाही. आज सोज्ज्वळ असलेले पात्र पुढील वर्षी कसे वागेल, हे सांगता येत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण बोलके आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका २०११ ते २०१९ या काळात प्रसारित झाली. तिच्यातील एका शूर नायिकेला 'खलीसी' म्हणतात. हे तिचे नाव नसून कल्पित भाषेतील राणीवाचक पदवी आहे. तरीही तेथील अनेक आईवडिलांनी मुलींना हे नाव ठेवले. अखेरच्या पर्वात मात्र हीच नायिका शरण आलेले नगर जाळून टाकते. कथा संपण्यापूर्वीच नाव ठेवले गेले होते. मालिका संपते, नाव मात्र मुलीबरोबर शाळेच्या हजेरीपटापासून मतदारयादीपर्यंत जाते.

४.४ नाव : स्वागत की नकार?

एवढ्यावरून मालिकेतील नाव उथळच असते, असे समजू नका. याची दुसरी बाजू सातारा जिल्ह्यात दिसते. मुलाची वाट पाहणाऱ्या काही घरांत मुलीचे नाव 'नकोशी' किंवा 'नकुशा' ठेवले जाई. ऑक्टोबर २०११ मध्ये तेथे झालेल्या कार्यक्रमात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. काहींनी देवींची नावे घेतली, तर काहींनी चित्रपट अभिनेत्रींची. विशेष म्हणजे त्याच सुमारास 'लागी तुझसे लगन' या हिंदी मालिकेच्या नायिकेचे नाव 'नकुशा' होते. पडद्यावर प्रेक्षकांची सहानुभूती मिळविणारे हे नाव प्रत्यक्षात धारण करणाऱ्या मुलींना मात्र टाकून द्यावयाचे होते.

येथे नामकरणाचा खरा निकष हाती येतो. नाव पुराणातून आले की पडद्यावरून, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या नावाने मुलीचे स्वागत केले की तिला नाकारले, हा प्रश्न मूलभूत आहे. आवडत्या नायिकेचे नाव हौसेने ठेवणारी आई निदान 'तू हवी आहेस' एवढे तरी सांगत असते.

४.५ नाव बदलते तेव्हा

नाव हे अपरिवर्तनीय नसते. नाशिकचे वि. वा. शिरवाडकर यांचे मूळ नाव गजानन. दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले आणि कुसुम या बहिणीचे अग्रज म्हणून त्यांनी स्वतः 'कुसुमाग्रज' हे नाव घेतले. सामान्य कुटुंबालाही विचारास अवधी असतो. जन्माची नोंद झाल्यापासून बारा महिन्यांपर्यंत बाळाचे नाव विनाशुल्क नोंदविता येते. पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरावे लागते. बारसे बाराव्या दिवशी झाले, तरी कागदावरील नावासाठी मालिकेची थोडी वाट पाहणे शक्य आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. विशेषनामाचा सामान्यनामासारखा वापर दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. 'नकुशा' या नावाचा मालिकेतील आणि प्रत्यक्ष जीवनातील सूचितार्थ यांची तुलना करा.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या कुटुंबातील तीन पिढ्यांची नावे लिहा. प्रत्येक नाव कोणी व का सुचविले, हे वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा. एखाद्या नावामागे नकार आढळला, तर त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय ते लिहू नका.