टीव्ही ट्यूनर कार्ड कोणतं घ्यावं? (जुन्या कॅसेट्स संगणकात उतरवणाऱ्यांसाठी)

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी दिवाणाच्या पेटीत किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर काळ्या व्हीएचएस कॅसेट्स पडून असतात. आईबाबांचं लग्न, कोणाचं बारसं, शाळेचं गॅदरिंग. व्हीसीआर माळ्यावर असतो, नाहीतर कधीच भंगारात गेलेला असतो. मग कोणीतरी काका सांगतात, "अरे, जुन्या पीसीत एक टीव्ही ट्यूनर कार्ड टाक, झालं काम!" सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. कार्ड कोणतं, का, आणि त्यातला कोणता भाग आपल्या कामाचा, हे कोणी सांगत नाही. मी ईएनटीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव अजिंठा. गेल्या दोन सुट्ट्यांत घरच्या आणि शेजारच्या मिळून अकरा कॅसेट्स उतरवल्या, त्यावरून हे लिहिते आहे. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे काही शब्द इंग्रजीच राहतील, सांभाळून घ्या. 'फील्ड'ला 'क्षेत्र' लिहिलं की माझ्या डोळ्यांपुढे कपाशीचं शेतच येतं.

आधी घाई कशासाठी ते सांगते. फुनाई ही जपानी कंपनी व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी होती, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे हेड झिजलं की नवीन मिळत नाही. टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थही वर्षानुवर्षं दमट हवा शोषत खराब होत जातो. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांची जागतिक संघटना आयएएसए यांनी २०१९ मध्ये यावर एक मोहीम काढली आणि २०२५ च्या सुमाराची मुदत सांगितली. ती उलटली. म्हणजे कॅसेट चांगली चालेल अशी संधी कदाचित एकदाच मिळणार आहे. म्हणून कार्ड निवडताना "चित्र दिसतंय ना, बस" एवढ्यावर समाधान मानू नका.

आता कार्डाकडे वळू. त्यात मुख्य तीन गोष्टी असतात. एक पत्र्याची चौकोनी डबी, तिला ॲन्टेनाची वायर लागते. तो ट्यूनर. त्याच्या मागे एक चिप, जी ॲनालॉग चित्राचे आकडे करते. तो डीकोडर. आणि काही कार्डांवर हे आकडे तिथल्या तिथे दाबून लहान करणारी वेगळी चिप, म्हणजे एन्कोडर. गंमत अशी की टीव्ही ट्यूनर कार्डातला ट्यूनरच आपल्याला नको असतो! व्हीसीआरमधून ॲन्टेनाच्या वायरने चित्र आणलं तर व्हीसीआर ते आधी एका चॅनलवर चढवतो आणि ट्यूनर परत उतरवतो. या चढउतारात रंग फिके होतात आणि मुंग्या वाढतात. त्यापेक्षा व्हीसीआरच्या पिवळ्या व्हिडिओ आउटमधून कार्डाच्या कॉम्पोझिट इनपुटला सरळ वायर जोडा. तसंही ट्यूनरला आता फारसं काम उरलेलं नाही, कारण प्रसारभारतीने आपले बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद केले. त्यामुळे जुन्या बाजारात कार्ड घेताना दुकानदार "यात एफएम रेडिओपण आहे, रिमोटपण आहे" म्हणाला तर हो हो म्हणा आणि कार्ड उलटसुलट करून मोठ्या चिपवरचा नंबर वाचा.

नंबरावरून बरंच कळतं. सर्वांत जास्त सापडते ती बीटी८७८. हिचा ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर ८ बिटांचा. फिलिप्सच्या एसएए७१३४ मध्ये तो ९ बिटांचा आणि कोनेक्संटच्या सीएक्स२३८८१ मध्ये १० बिटांचा. लग्नाच्या शूटिंगमध्ये हॅलोजनच्या उजेडात नवरीचा शालू पांढरा फटक पडलेला असतो, आणि मांडवाच्या मागच्या बाजूला पूर्ण अंधार. अशा चित्रात हे एकदोन बिट उपयोगी पडतात. डिजिटल व्हिडिओत काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ हे आकडे ठरलेले आहेत. कॉन्ट्रास्ट जास्त ठेवला तर वरचं सगळं एकाच आकड्यावर चपटं होतं आणि मग कुठल्याही सॉफ्टवेअरने शालूवरची बुट्टी परत येत नाही. म्हणून कॅप्चर करण्याआधी कॉन्ट्रास्ट थोडा कमी करून पाहा.

आवाजाकडे मात्र बहुतेकांचं लक्षच नसतं. स्वस्त कार्डांमध्ये आवाज कार्डातून न जाता छोट्या वायरने साउंड कार्डच्या लाइन-इनला जातो. म्हणजे चित्र मोजणारं घड्याळ एक आणि आवाज मोजणारं दुसरं. दोन्ही क्रिस्टल आपापल्या जागी बरोबर, पण एकमेकांशी जुळलेले नाहीत. समजा दोघांत दहा लाखांमागे ५० चा फरक आहे. ई-१८० कॅसेट तीन तासांची, म्हणजे १०,८०० सेकंद. फरक झाला ०.५४ सेकंद. सुरुवातीला सगळं ठीक वाटतं आणि पाठवणीपर्यंत ओठ एकीकडे, रडणं दुसरीकडे! एसएए७१३४ आणि सीएक्स२३८८१ असलेल्या बऱ्याच कार्डांत आवाजही त्याच चिपमध्ये डिजिटल होऊन पीसीआय स्लॉटमधून येऊ शकतो. लिनक्समध्ये त्याचे ड्रायव्हर अजून आहेत. हॉपॉगच्या पीव्हीआर-१५० सारख्या कार्डांवर एमपेग-२ एन्कोडर असतो. तो चित्र आणि आवाज एकत्र बांधूनच देतो, त्यामुळे हा त्रास जवळजवळ नसतो.

मग सरळ पीव्हीआर-१५० च घ्यावं का? लांबलचक लग्नं, गॅदरिंग, भाषणं यांना माझं उत्तर 'हो' आहे. पण आकडेमोड बघा. पाल पद्धतीचं पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिप्यांचं, सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक ठिप्याला सरासरी दोन बाइट. गुणाकार केला की सेकंदाला २०.७ मेगाबाइट, तासाला साधारण ७५ गिगाबाइट. २००३ च्या आसपासच्या ४० जीबी हार्डडिस्कमध्ये हे जेमतेम अर्धा तास मावलं असतं, म्हणून तेव्हा एन्कोडरवालं कार्ड म्हणजे देवच वाटायचा. तो ८ मेगाबिटवर ठेवला तर तासाला ३.६ जीबी लागतात. आज एक-दोन टेराबाइटची डिस्क सहज मिळते, त्यामुळे कमी करण्याची सक्ती नाही. एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्ही यासारख्या लॉसलेस कोडेकने साईज निम्म्याच्या आसपास येते आणि एकही ठिपका बदलत नाही.

इथे त्या काळातल्या व्हीसीडीबद्दल बोलायलाच हवं. गावोगावच्या फोटो स्टुडिओंनी कॅसेटवरून व्हीसीडी करून दिल्या आणि लोकांनी निर्धास्तपणे कॅसेट्स टाकून दिल्या. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे पूर्ण चित्राचे पाव ठिपके. आडव्या बाजूचं नुकसान फार नाही, कारण व्हीएचएसमध्येच जेमतेम २४० रेषांचा तपशील असतो. खरं नुकसान उभ्या बाजूचं. पालचं चित्र सेकंदाला ५० फील्डमध्ये येतं, एकदा विषम ओळी, एकदा सम. २८८ ओळी घेतल्या की दर दुसरं फील्ड केराच्या टोपलीत जातं. फुगडी घालणाऱ्या बायका जिथे ५० वेळा हलताना दिसल्या असत्या तिथे २५ वेळाच दिसतात. पुढे डीव्हीडी आली, पण तीन तासांचं लग्न एकाच ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये कोंबायचं म्हणजे सेकंदाला साडेतीन मेगाबिटसुद्धा मिळत नाहीत. अक्षता पडताना चित्राचे चौकोन चौकोन होतात ते यामुळे. तुमच्याकडे व्हीसीडी आणि कॅसेट दोन्ही असतील तर कॅसेटच उतरवा.

आमच्याकडची जी कॅसेट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मावशीच्या लग्नाची, १९९३ सालची. त्यात हळदीच्या दिवशी माझी पणजी जात्यावर बसून ओव्या म्हणते आहे, जेमतेम चार मिनिटं. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. ही कॅसेट मी एमपेग-२ वर सोडली नाही. एसएए७१३४ कार्डावर, लॉसलेस, तीन वेळा उतरवली आणि तिन्हींतला चांगला भाग ठेवला. आईचं म्हणणं होतं की खरखर काढून 'क्लीन' कर. मी आधी मूळ फाईल तशीच बाजूला ठेवली आणि कॉपीवर प्रयोग केले. खरखरीबरोबर जात्याची घरघरही निघून जात होती. आईलाही शेवटी खरखरवालीच आवडली.

मूळ फाईलला हात लावायचा नाही हे आमच्या गावच्या लोकांना तरी पटायला हरकत नाही. १९२० ते २२ च्या दरम्यान निजाम सरकारने लेण्यांतली चित्रं वाचवण्यासाठी चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पक्का केला, हे त्यांचं मोठंच काम. पण चित्रांवर लाखेचं वार्निशही दिलं, आणि ते पुढे पिवळं पडलं. हेतू चांगलाच होता. डीनॉइझ, शार्पनेस, डीइंटरलेस ही आपली वार्निशं आहेत, ती कॉपीवर द्या. आणि कॉपी एका जागी नको. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ च्या नेमणुकीनंतर वर्षानुवर्षं खपून काढलेल्या चित्रांच्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून नव्याने नकला केल्या, आणि १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांतल्याही कितीतरी गेल्या. गिल यांनी काढलेले फोटो मात्र १८६४ मध्येच पुस्तकांतून छापले गेले होते, ते अनेक हातांत पोचले होते. मी एक हार्डडिस्क घरी, एक हॉस्टेलवर आणि एक मामाकडे जळगावला ठेवली आहे.

आता ईएनटीसीवाल्यांसाठी खास. व्हीसीआरचा ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या मारतो, दर फेरीला एक फ्रेम. टेप कुठे ताणली गेली की ओळी वेळेवर येत नाहीत. पालची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. ती एक मायक्रोसेकंद उशिरा आली तर चित्र तेवढ्या जागी साडेतेरा ठिपके सरकतं. टीव्हीला हे चालून जातं, कार्डाला नाही; ते फ्रेमच गाळतं. यासाठी टाइम बेस करेक्टर असतो, पण तो महाग. जुगाड म्हणून काही डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडतात, ते बऱ्यापैकी ओळी सरळ करतात.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे सीएक्स२३८८० ते ८३ या चिप्सचं नवं आयुष्य. 'सीएक्सएडीसी' नावाचा लिनक्स ड्रायव्हर या चिपमधला डीकोडर बाजूला ठेवतो आणि फक्त तिचा कन्व्हर्टर वापरतो, सेकंदाला २ कोटी ८६ लाख नमुने. व्हीसीआर उघडून हेड ॲम्प्लिफायरवरच्या टेस्ट पॉइंटवरून कच्चा एफएम सिग्नलच घ्यायचा (पालमध्ये ब्राइटनेस ३.८ ते ४.८ मेगाहर्ट्झमध्ये असतो) आणि 'व्हीएचएस-डीकोड' या मोफत सॉफ्टवेअरने नंतर निवांत चित्र बनवायचं. ओळी सरळ करण्याचं कामही तेच करतं. तासाला १०३ जीबी लागतात, फ्लॅकने दाबले की बरेच कमी होतात. म्हणजे आधी ट्यूनर नको झाला, मग डीकोडरही नको! शंभर-दोनशे रुपयांच्या भंगार कार्डात आपल्या डीएसपीच्या पेपरचा अर्धा सिलॅबस आहे. मात्र पॉवर सप्लायची बाजू उघडी असते, एकट्याने आणि ओल्या हाताने करू नका.

राहिले यूएसबीचे छोटे 'ईझीकॅप' प्रकारचे डोंगल. एकाच नावाखाली चार वेगळ्या चिप्स निघतात, त्यामुळे दुकानात शिफारस करता येत नाही. एसटीके११६० निघाली तर लिनक्सवर चालते. नवीन मदरबोर्डवर पीसीआय स्लॉट नसतो आणि विंडोज ११ साठी या जुन्या कार्डांचे ड्रायव्हर मिळणं कठीण, म्हणून पेन्टियम फोरच्या काळातला एखादा डबा भंगारवाल्याकडे जाण्याआधी अडवा.

कार्ड ठरल्यावर कॅसेट घालण्याआधी तिची काचेची खिडकी उजेडात धरून बघा. टेपच्या कडेला पांढरी पावडर किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये गेली की हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला पसरते. ती वेगळ्या पिशवीत बांधून सगळ्यात शेवटी ठेवा. साध्या कॅसेट्स उतरवण्याआधी एकदा पुढे शेवटपर्यंत आणि परत मागे फिरवून घ्या, म्हणजे गुंडाळी सैल असेल तर सारखी होते. हेडवर कापसाचा बोळा फिरवू नका, तंतू अडकून हेड तुटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला साधा कागद हेडवर धरून ड्रम हाताने हळू फिरवा. शेजारच्या एका काकूंची बुरशीवाली कॅसेट अजून माझ्याकडे पिशवीत आहे. तिच्यासाठी दुसरा, गेला तरी चालेल असा व्हीसीआर शोधते आहे. कोणाच्या माळ्यावर असेल तर सांगा.