दुसऱ्याच्या चालीची बांधणी

चि. मुग्धा,

अरेंजरचं नाव कुणी विचारत नाही, म्हणून ते काम सोडून फक्त स्वतःच्या चाली करायच्या, असं तू लिहिलंस. ठरवण्याआधी डॉन रेडमनचं काम ऐक. १९०० साली वेस्ट व्हर्जिनियात जन्मलेला हा सॅक्सोफोनवादक न्यूयॉर्कच्या फ्लेचर हेंडरसन बँडमध्ये वाजवायचा आणि त्यांच्यासाठी लिहायचाही. चार-पाच जणांनी एकाच वेळी मनाने वाजवलेलं जॅझ रंगतं. दहा-अकरा जण तसंच वाजवू लागले तर गलका होतो. रेडमनने ब्रास आणि रीड या दोन वाद्यगटांना समोरासमोर आणलं. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने ती झेलायची, आणि मधली जागा एकट्या वादकाला मोकळी. कधी तीन क्लॅरिनेट उंच पट्टीत एकत्र येतात आणि सगळ्या बँडचा रंग पालटतो.

यावर तू म्हणशील, बँड बदलला तो १९२४ साली आलेल्या ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगमुळे. लयीतला झोल, म्हणजे स्विंग, त्याने आणला, हे मान्यच. पण १९२५ अखेर तो बँडमध्ये नव्हता, तरी हेंडरसन बँडच्या पुढच्या वर्षीच्या ‘द स्टॅम्पीड’ या ध्वनिमुद्रणात तो झोल शिल्लक आहे. एका माणसाच्या फुंकरीतली लय रेडमनने सगळ्या सेक्शनच्या कागदावर उतरवली होती. वाद्यांचे गट पाडून बँडप्रमुख पॉल व्हाइटमनचे अरेंजरही लिहीत होते, हा दुसरा आक्षेपही खरा आहे. त्या शिस्तीत उत्स्फूर्त वादनाला घर करून देणं हे मात्र मला रेडमनचं मोठं काम वाटतं. १९२७ साली तो डेट्रॉइटच्या मॅकिनीज कॉटन पिकर्स या बँडकडे गेला. पुढे हेंडरसन स्वतः त्याच वाटेने लिहू लागला, ते कागद १९३४-३५ च्या सुमारास बँडप्रमुख बेनी गुडमनकडे गेले, आणि ‘स्विंगचा राजा’ ही पदवी मिळाली गुडमनला.

हा अन्यायच आहे, आणि त्याकडे डोळेझाक कर असं मी सांगणार नाही. शंकर-जयकिशनची गाणी गुणगुणणाऱ्यांतही त्यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा यांचं नाव किती जणांना आठवतं? पण नाव न होणं आणि काम दुय्यम असणं यांची गल्लत तू करते आहेस. चाल तीच राहूनही गाणं कसं ऐकू येईल, हे अरेंजर ठरवतो; त्यालाही रचनाच म्हणायला हवं. म्हणून ‘द स्टॅम्पीड’मधले क्लॅरिनेटचे तिन्ही भाग कानाने टिपून नोटेशनमध्ये उतरव. आणि यापुढे तुझं प्रत्येक पान स्टुडिओत देण्याआधी कोपऱ्यात स्वतःचं नाव आणि तारीख घालत जा.

तुझी आत्या