हसवणाऱ्या व्हायोलिन-चौकडीसाठी एडिंबरा: तिकीट स्वस्त, मुक्काम महाग

व्हायोलिन-चेलो वाजवता वाजवता धमाल उडवणारी चौकडी प्रत्यक्ष बघायची असेल, तर ऑगस्टमधला एडिंबरा फ्रिंज महोत्सव गाठा. माद्रिदच्या अशाच एका चौकडीचा ‘पागॅगनीनी’ हा प्रयोग इथेही झाला आहे. अशा प्रयोगांत बोलणं फार कमी, त्यामुळे इंग्रजीची सवय नसलेल्या आईबाबांनाही खुशाल न्या. मात्र दरवर्षी तीच चौकडी येत नाही. जूनमध्ये पूर्ण कार्यक्रमपत्रिका येते. आधी त्यात नाव शोधा, मग विमानाचं बघा.

तिकीट साधारण 12 ते 22 पौंड, प्रयोग तासाभराचा. सुरुवातीच्या दिवसांतले पूर्वप्रयोग स्वस्त असतात आणि पहिल्या सोमवार-मंगळवारी अनेक खेळांना एकावर एक तिकीट मिळतं. फ्रिंजच्या किंवा नाट्यगृहाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. पैसे भरण्याआधी शेवटची रक्कम वाचा, बुकिंग शुल्क तिथे दिसतं. भारतीय कार्डावर परकीय चलनाचं शुल्क वेगळं. ते बँकेला आधीच विचारा.

बहुतेक ठिकाणी आसनक्रमांक नसतो, म्हणून वीस-पंचवीस मिनिटं आधी रांगेत उभे राहा. उशीर झाला तर आत घेतीलच असं नाही, पैसेही परत नाहीत. पहिली रांग पकडलीत तर मंचावर ओढलं जाण्याची तयारी ठेवा!

भारतातून जाणार असाल तर ब्रिटनचा सहा महिन्यांचा पर्यटक व्हिसा लागतो. शुल्क एप्रिल 2025 मध्ये 127 पौंड झालं होतं; अर्ज भरताना ताजा आकडा बघा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, निकालाला साधारण तीन आठवडे. पासपोर्ट, बँकेची सहा महिन्यांची विवरणं, प्राप्तिकर विवरणपत्र, नोकरीतली रजा मंजूर झाल्याचं पत्र तयार ठेवा. व्हिसा अर्ज केंद्रावर एसएमएस, कुरिअर, खास लाउंज पुढे केले जातात. सगळं ऐच्छिक आहे, नको म्हणा.

खिसा खरा कापला जातो तो मुक्कामात. ऑगस्टमध्ये खोल्यांचे भाव चढतात, शिवाय 24 जुलै 2026 पासून मुक्कामाच्या खर्चावर 5 टक्के पर्यटक कर, सलग पहिल्या पाच रात्रींसाठी. दिसणाऱ्या भावात तो धरलाय का, हे विचारूनच पैसे भरा. सुट्टीत विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोल्या भाड्याने मिळतात, त्या आधी बघा. नाहीतर ग्लासगोत राहा: रेल्वेने सुमारे पन्नास मिनिटं आणि सप्टेंबर 2025 पासून गर्दीच्या वेळचं जादा भाडंही बंद. रात्रीचा प्रयोग घेताना परतीची शेवटची गाडी तेवढी तपासा. शहरातल्या लोदियन बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, कार्ड टेकवा.