टायर वाढले, घाट अडला

प्रश्न : माझ्या जुन्या फोर बाय फोर जीपचे 215/75 आर 15 टायर काढून 31 इंची घातले. रुबाब वाढला, पण दिवे घाट तिसऱ्यावर चढणारी गाडी आता दुसरा गियर मागते. मेकॅनिक म्हणतो, ‘क्राऊन-पिनियन बदला.’ इंजिन तेच आहे, मग ताकद गेली कुठे?
– एक वाचक, येरवडा

उत्तर : ताकद आहे तिथेच आहे, गियर जड झाला. बंडगार्डनचा पूल ओलांडून पर्णकुटीचा चढ गियरच्या सायकलवर, मागची सगळ्यात लहान चक्री लावून चढून बघा. मांड्या लगेच सांगतील. जुन्या टायरचा व्यास सुमारे 70.4 सेंटिमीटर, नव्याचा 78.7. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी 12 टक्के जास्त पुढे जाते. पण रस्त्यावरचा रेटा त्याच प्रमाणात घटतो.

ही घट क्राऊन-पिनियनचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे फेरे, वाढवून भरून निघते. आधी सध्याचा रेशो मोजा. पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सुटा. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि दोन्ही चाकं बरोबरीने एक फेरा फिरवा. शाफ्टचे चार फेरे होऊन रेघ किंचित पुढे गेली, तर रेशो 4.10 च्या आसपास. एकच चाक फिरवू नका. डिफरेन्शियलमुळे शाफ्टचे फेरे निम्मेच भरतात.

समजा क्राऊनला 41 दात आणि पिनियनला 10, म्हणजे 4.10. त्याला 78.7 ने गुणून 70.4 ने भागा : 4.58. आता 41 आणि 9 दातांची जोडी 4.56 देते. तुमच्या हौसिंगला बसणारी तशी जोडी मिळाली, तर गाडी जवळपास मूळ चालीवर येईल. स्पीडोमीटरची केबल गियरबॉक्सकडून येत असेल, तर आज काटा 60 वर असताना तुम्ही 67 ने धावताय. तोही ताळ्यावर येईल.

पथ्यं दोन. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे, आणि दातांना रंग लावून ठसा नीट बसतोय का ते बघायचं. शिवाय पुढच्या अ‍ॅक्सलचाही रेशो तोच हवा; नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावताच पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतील.

व्यास चार-पाच टक्केच वाढला असता, तर मी म्हटलं असतं, राहू द्या. बारा टक्क्यांना मेकॅनिक बरोबर सांगतोय. फक्त हा आकार तुमच्या गाडीला चालतो का, ते फुलेनगरच्या आरटीओत आधी विचारा. आणि एक लक्षात ठेवा : क्राऊन बदलून चढ सुटेल. उतारावर पाय ब्रेकवर असतो, आणि मोठ्या चाकापुढे तो ब्रेकही सुमारे अकरा टक्के कमी पडतो.