कार्ड बाळगण्यावर कर?

प्रश्न : मुलगा डब्लिनला नोकरीला आहे. त्याच्या क्रेडिट कार्डावर सरकारचे म्हणून ३० युरो लागले. आपल्याकडेही श्रीमंतांच्या कार्डांवर असा कर का नको?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : यात बँकेची चूक नाही. आयर्लंडमध्ये प्रत्येक क्रेडिट कार्ड खात्यामागे वर्षाला ३० युरो मुद्रांक शुल्क आहे. बँक ते कापून सरकारजमा करते. वर्षाच्या मधेच बँक बदलली, तर जुन्या बँकेकडून खाते बंद केल्याचे पत्र चिरंजीवांनी जरूर घ्यावे, नाहीतर दुहेरी भुर्दंड बसायचा.

आपल्याकडे मात्र हा कर नको, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्डावर महिन्याचा किराणा भरणारा आणि परदेशवारीची तिकिटे काढणारा, दोघांना रक्कम तीच. मग श्रीमंतांवरचा कर तो कसला? शिवाय कार्डाचा व्यवहार नोंदीत राहतो; त्यालाच दंड केला, तर ‘रोख द्या, बिल कशाला?’ म्हणणाऱ्या दुकानदाराचे फावेल. वार्षिक शुल्क, व्याज आणि विलंब शुल्कावर १८ टक्के जीएसटी आहेच. वर्षभरात कार्डाची बिले १० लाखांवर गेली, की बँक प्राप्तिकर खात्याला परस्पर कळवते. बडा खर्चिक हुडकायला एवढे पुरेसे आहे.