आच धरावी हवेनं

आम्ही अटलांटात राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी जपानमधून 'कामाडो' नावाच्या चुली घरी आणल्या आणि १९७४ साली एड फिशर यांनी याच शहरात तशाच शेगड्यांची 'बिग ग्रीन एग' ही कंपनी सुरू केली. इथल्या बऱ्याच मराठी घरांच्या मागच्या अंगणातही आता तसली जाड सिरॅमिकची शेगडी दिसते. नव्यानं घेणाऱ्यांना मी सांगतो ते असं:

१. पहिलं मांस डुकराच्या खांद्याचं घ्या. दुकानात 'बॉस्टन बट' म्हणून मागा. चरबी भरपूर असल्यानं आच थोडी कमीजास्त झाली तरी ते कोरडं पडत नाही. ब्रिस्केट, म्हणजे गायीच्या छातीचं मांस, नंतर.

२. कोळसा लाकडाचा, ओबडधोबड तुकड्यांचा हवा. ब्रिकेटची राख फार, ती जाळीत बसून हवा अडवते. लायटर फ्लुइड तर नकोच. त्याचा वास सिरॅमिकमध्ये मुरतो.

३. सगळी मेख हवेत आहे. खालच्या झडपेतून हवा आत जाते, वरच्या झडपेतून धूर बाहेर पडतो. आपल्याला हवेत २२५ ते २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ११० ते १२० सेल्सिअस. काटा २०० च्या आसपास आला की दोन्ही झडपा जवळजवळ मिटत आणा, बोटभर फट पुरते. सिरॅमिक एकदा तापलं की तासन् तास निवत नाही. म्हणून तापमान हळूहळू चढू द्या, पुढे जाऊन उतरवायची वेळ आणू नका. झडप हलवल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, मगच पुन्हा हात लावा. आणि झाकण उघडताना आधी दोन बोटं उचलून क्षणभर धरा. कोंडलेल्या निखाऱ्यांना एकदम हवा मिळाली तर भडका थेट तोंडावर येतो.

४. निखारे आणि मांस यांच्यामध्ये सिरॅमिकची आडवी तबकडी हवीच. तिच्यावर चरबी गळायला एक थाळी ठेवा.

५. कोळशात हिकरीचे किंवा पेकनचे मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. ते भिजवू नका. सुरुवातीला पांढरा, दाट धूर येतो. तो कडवट असतो. वरच्या झडपेतून पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर येऊ लागला की मगच मांस आत ठेवा.

६. मांसाच्या आतलं तापमान १६० च्या आसपास पोचलं की ते तासन् तास तिथंच अडून बसतं. नवखा माणूस इथंच घाबरून झडपा उघडतो. माठातलं पाणी गार राहतं ना, तसंच हे: वर येणारा ओलावा वाफ होताना उष्णता घेऊन जातो. कागदात गुंडाळलं तर लवकर सुटतं. मी गुंडाळत नाही, मला वरची काळपट खरपूस साल प्रिय आहे.

७. घड्याळाकडे बघू नका. आत २०० ते २०५ अंश झाले, की खांद्याचं चपटं हाड धरून हलवा. ते स्वच्छ सुटून हातात आलं की झालं. कोलॅजेन विरघळलेलं असतं. मग टॉवेलात गुंडाळून तासभर मुरू द्या. पाहुण्यांना वेळ सांगताना दोन तास पदरचे धरा.

८. मांस काढल्यावर दोन्ही झडपा पूर्ण बंद करा. हवेवाचून निखारे विझतात, अर्धा कोळसा शिल्लक राहतो. पुढच्या वेळी तो हलवून राख झाडायची आणि वर नवा घालायचा.