खर्डा चौथा

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली पाच दिवसांत लिहिली, हे ऐकत मी वाढलो. त्यामुळे कादंबरी पुन्हा लिहावी लागते म्हणजे आपल्याच हातात काहीतरी कमी आहे, असं मला बरीच वर्षं वाटायचं. यंत्रमागांच्या इचलकरंजीवरच्या माझ्या कादंबरीचा पहिला खर्डा सात महिन्यांत झाला. ४१२ पानं. पुढचे तीन खर्डे व्हायला चार वर्षं गेली. मध्ये दोनदा ती सोडून द्यायची वेळ आली होती. ती का सुटली नाही, ते सांगतो.

१. खर्डा संपला की लगेच दुरुस्त्या करायला बसू नका. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी बसलो आणि साठाव्या पानापर्यंत मला स्वतःचं लिखाण नकोसं झालं. मग वही कपाटात ठेवली, तीन महिने. ठेवण्यापूर्वी मात्र एक गोष्ट केली, आणि तिनंच पुढं तारलं. एका कोऱ्या पानावर लिहून काढलं की हे सगळं मी कशासाठी लिहितोय. त्या पानावर कथानक नाही, आशय-बिशय नाही. आई कांडी भरण्याच्या कामावरून आली आहे, तिच्या केसांत कापसाचे पांढरे तंतू आहेत आणि ते तसेच ठेवून ती चुलीपुढं बसली आहे, एवढंच आहे. प्रत्येक खर्ड्याच्या पहिल्या पानाला मी तेच पान टाचलं.

२. पहिलं वाचन पेन हातात न घेता करा, आणि मोठ्यानं करा. ऐकणारं माणूस त्या जगातलं असेल तर फार उत्तम. मागावर काम केलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, मी वाचून दाखवत होतो. ‘कामगाराने तुटलेला धागा जोडला’ या वाक्यापाशी तिनं हात वर केला.

“धागा कोण म्हणतंय रे? धागा शिवायला लागतोय. मागावर तार असती. तार तुटली म्हणायचं.”

मग माझ्या टेबलावरचा दोरा घेऊन तिनं करून दाखवलं. माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, चिमटीत गाठ मारायची, तार मागाच्या वहीतून ओढायची, फणीतून ओढायची आणि माग पुन्हा सोडायचा. “न्हाय जोडली तर सगळ्या कापडावर रेघ जाती,” म्हणाली. तिची बोटं बोलता बोलता आपोआप चालत होती. काम सोडून तिला एकोणीस वर्षं झाली आहेत. त्या रात्री ते सगळं प्रकरण मी नव्यानं लिहिलं, आणि कितीतरी महिन्यांनी लिहिताना पहाट झाल्याचं कळलं नाही. कथेवरचं प्रेम आटलं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपण नुसत्या शब्दांकडे बघत असतो. वस्तू हाताला लागली की ते परत येतं.

३. एका फेरीत एकच काम. आधी घटनांचा क्रम, मग माणसं, वाक्यं सगळ्यात शेवटी. मी पहिलं प्रकरण अकरा वेळा घासलं, आणि तिसऱ्या खर्ड्यात ते अख्खं काढावं लागलं.

४. जिथं स्वतःला कंटाळा येतो, तिथं खूण करा. थकवा वेगळा; तो झोपून उठल्यावर जातो. कंटाळा त्याच पानावर पुन्हा भेटतो. माझा कंटाळा बावीस पानांचा होता. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला तिथपासूनचा सगळा इतिहास मी त्यात भरला होता, कारण तो गोळा करायला मी कष्ट घेतले होते. पण कष्ट माझे होते, कथेला त्यांची गरज नव्हती. ती बावीस पानं गेली. आता आजोबांच्या तोंडी एक वाक्य उरलं आहे.

५. कापलेलं फेकू नका. ‘कातरण’ नावाची वेगळी फाईल ठेवा. मग कात्री चालवताना हात थरथरत नाही. हेमिंग्वेनं ‘अ फेअरवेल टू आर्म्स’चा शेवट ३९ वेळा लिहिल्याचं मुलाखतीत सांगितलं होतं. त्याच्या पश्चात २०१२ साली निघालेल्या आवृत्तीत असे ४७ शेवट छापले गेले. म्हणजे त्या माणसानं ते जपून ठेवले होते.

६. वाचायला दोघांनाच द्या. एक विषय जाणणारा, एक कादंबरी जाणणारा. मी सात जणांना दिली आणि सात दिशांना ओढला गेलो.

७. अगदीच अडलं तर मूळ जागी जा. तिसऱ्या खर्ड्यानंतर मी इचलकरंजीला गेलो. आमच्या गल्लीतले बरेचसे जुने माग भंगारात गेले होते. एका शेडमध्ये अजून बारा चालू होते. मालकाला विचारून मी तिथं दुपारभर बसलो. त्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, नाहीतर हातानं खुणा कराव्या लागतात. बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यावर मी दहा रुपये सुट्टे मागितले, तर चहावाला दचकला. मी ओरडत होतो.

आमचे बाबा घरी कायम मोठ्या आवाजात बोलायचे. बारा तास चार माग चालवून यायचे आणि ‘पाणी दे’ एवढं म्हणाले तरी आम्ही भावंडं भिंतीला चिकटायचो. तीन खर्ड्यांत मी त्यांना रागीट माणूस म्हणून लिहिलं होतं. ते रागावलेले नव्हते. त्यांना ऐकू येत नव्हतं.

चौथा खर्डा मी त्याच रात्री लॉजवर सुरू केला. तो आठ महिन्यांत पुरा झाला. २६८ पानं. आक्कानं नवा चष्मा करून आणला आणि ती सगळी वाचली. बाबांच्या प्रकरणाशी तिनं पान दुमडून ठेवलं आहे.